फिटनंतर फुप्फुसात पाणी: हृदय नॉर्मल असताना हे होतं कसं?

मीनल_परळ

नमस्कार. अपस्मार असलेल्यांच्या घरच्यांसाठी मराठीत एक माहितीपत्रक तयार करतेय. केईएम, सायन, नायरच्या ओपीडीबाहेर तासन् तास बसणाऱ्या मंडळींच्या हाती ते पडावं, एवढाच हेतू. फिट आल्यावर काय करायचं, गोळ्यांच्या वेळा, झोप, लोकलचा प्रवास हे सगळं लिहून झालंय. एका ठिकाणी अडलेय.

मोठी, सगळं अंग कडक होऊन झटके देणारी फिट येऊन गेल्यावर काही पेशंटना तासा-दोन तासांत धाप लागते, सॅचुरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, टक्क्यांत) ८५ च्या आसपास येतं, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसतात. डॉक्टर सांगतात, फुप्फुसात पाणी झालंय. इको करावा तर हृदय व्यवस्थित. मग घरच्यांचे प्रश्न ठरलेले: हार्ट अटॅक आला होता का? फिट चालू असताना कुणीतरी तोंडात पाणी ओतलं, तेच छातीत गेलं का? सुई घालून काढणार का? पुन्हा होईल का?

मला यामागचं नेमकं कारण हवंय, ठसका लागून छातीत अन्न-लाळ गेल्यापेक्षा हे वेगळं कसं ओळखतात ते हवंय, आणि घरच्यांनी काय बघायचं ते हवंय. औषधांचे डोस पत्रकात टाकणार नाही, पण इथे लिहिलेत तर मला समजायला मदत होईल.

क्रिटिकलकेअर_ठाणे

मीनलताई, सुईचा प्रश्न आधी मिटवते. आपल्याकडे "छातीत पाणी" म्हटलं की टीबीचं पाणी डोळ्यांपुढे येतं. ते फुप्फुसाच्या बाहेर, त्यावरच्या दोन आवरणांच्या मधे साठतं, म्हणून बरगड्यांमधून सुई घालून काढता येतं. फिटनंतरचं पाणी फुप्फुसाच्या आत, कोट्यवधी वायुकोशांत विखुरलेलं असतं. ते सुईने निघत नाही आणि काढावंही लागत नाही. वायुकोशांच्या पेशी ते स्वतःच परत शोषून घेतात. आपण तोवर पेशंटचा ऑक्सिजन सांभाळायचा. पत्रकात हे पहिल्या दोन ओळींत लिहा, निम्मी घबराट तिथेच कमी होईल.

आता ते येतं कुठून. मोठ्या फिटमध्ये मेंदूच्या तळाचा मेड्युला आणि त्याच्या वरचा हायपोथॅलॅमस, म्हणजे रक्तदाब आणि हृदयाचा वेग सांभाळणारी केंद्रं, एकदम उत्तेजित होतात. सिंपथेटिक नसांमधून आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींमधून अ‍ॅड्रिनलीन, नॉरअ‍ॅड्रिनलीन रक्तात धो धो सुटतं. हातापायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि तिथलं रक्त छातीकडे ढकललं जातं. डाव्या हृदयाला तेच रक्त आवळलेल्या वाहिन्यांमध्ये पुढे रेटायचं असतं, ते त्याला झेपत नाही. फुप्फुसातून रक्त परत नेणाऱ्या शिराही त्याच वेळी आवळतात. आत येणारं रक्त वाढलं, बाहेर जायची वाट अरुंद झाली, अशी कोंडी होते आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्यांतला दाब काही मिनिटं प्रचंड चढतो.

या केशवाहिनीची भिंत अतिशय पातळ असते, कारण तिच्यातून ऑक्सिजन आरपार जायचा असतो. दाबाने ती ताणते आणि तिला बारीक चिरा जातात. त्यातून नुसतं पाणी नाही, तर प्रथिनं आणि लाल पेशीही वायुकोशांत उतरतात. फेस गुलाबी दिसतो तो त्यामुळे. पुढचा भाग महत्त्वाचा: फिट थांबली की दाब लवकर उतरतो, पण चिरा तेवढ्यात भरून येत नाहीत. म्हणून दोन-तीन तासांनी इको केला, बीपी घेतलं, तर सगळं नॉर्मल आणि फुप्फुस मात्र ओलं. तुमच्या पेशंटांच्या घरच्यांना पडलेलं कोडं ते हेच. आधी दाबाचा तडाखा आणि मग गळती, ही मांडणी थिओडोर आणि रॉबिन यांनी १९७६ मध्ये केली. बेडसाइडला जे दिसतं त्याच्याशी ती आजही सगळ्यात जास्त जुळते. फिट आणि फुप्फुसातलं पाणी यांचा संबंध त्याहून जुना आहे, अमेरिकेत शानाहान यांनी तो १९०८ मध्येच नोंदवला होता.

काही पेशंटमध्ये अ‍ॅड्रिनलीनचा मार हृदयाच्या स्नायूलाही बसतो. इकोत डाव्या कप्प्याचं टोक फुगलेलं, हालचाल मंद, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारं रक्तातलं प्रथिन) थोडं वाढलेलं, ईसीजीत टी-वेव्ह उलट्या. म्हणजे हृदय निर्दोष असतंच असं नाही. ते बहुतेकदा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत पूर्ववत होतं. तरी या वयात याला हृदयाचा त्रास कुठला, असं म्हणून ईसीजी टाळू नये. अजून एक शक्यता म्हणजे मूळ घटनाच हृदयाची होती, ठोका बिघडल्यामुळे मेंदूला रक्त पोचलं नाही आणि त्यातून झटके आले. त्या पेशंटला फिटच्या गोळ्या चालू करून घरी पाठवणं धोक्याचं आहे. पहिल्यांदाच फिट आलेल्या प्रत्येकाचा ईसीजी झालाच पाहिजे.

एक वेगळी वाटही आहे. फिटमध्ये स्वरयंत्र आवळून बंद होतं आणि छातीचे स्नायू बंद दाराविरुद्ध श्वास ओढत राहतात. एरवी श्वास घेताना छातीतला दाब थोडासाच उणे होतो. इथे तो उणे ५० ते १०० सेंमी पाण्याइतका खाली जाऊ शकतो. त्या ओढीने केशवाहिन्यांतून पाणी खेचलं जातं. फिट संपताना घशातून घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, गळ्याखालचा खड्डा आत ओढला जाणं, ही त्याची खूण. पुष्कळ पेशंटमध्ये दोन्ही वाटा एकत्र असतात आणि उपचारात फारसा फरक पडत नाही.

छातीविकार_दादर

वरचं सगळं बरोबर. मी ओळखण्याबद्दल लिहितो, कारण चुका तिथेच होतात.

पहिली चूक जिभेच्या रक्ताची. मोठ्या फिटमध्ये जिभेची कड चावली जाते, रक्त लाळेत मिसळतं आणि तोंडाशी लालसर फेस दिसतो. तेवढ्यावरून फुप्फुसात पाणी असं लिहायचं नाही. पेशंट कुशीवर घ्या, तोंड गॉजने पुसा, सक्शन करा (नळीने तोंडातला द्रव ओढून घ्या), टॉर्चने जिभेच्या दोन्ही कडा बघा. चावल्याची जखम सापडली आणि सक्शननंतर तोंड स्वच्छ राहिलं, तर ते तोंडातलंच रक्त. सक्शन केल्यावर पुढच्या काही श्वासांत घशातून पुन्हा पातळ, गुलाबी, बुडबुड्यांचा फेस वर येत असेल, तर तो खालून येतोय. स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना, मागे खालपासून वरपर्यंत बारीक क्रेप्स (ओलसर चरचर आवाज) मिळतात.

दुसरी गोष्ट वेळेची. साध्या फिटमध्येही सॅचुरेशन उतरतं, ओठ निळे पडतात. पण फिट थांबून श्वास नीट चालू झाला की ते काही मिनिटांत वर येतं. अर्ध्या तासाने, मास्क लावलेला असूनही ९० च्या खालीच रेंगाळत असेल तर कारण शोधायचं. मेंदूमुळे येणारं पाणी बहुतेकदा मिनिटांपासून काही तासांत दिसतं. क्वचित १२ ते २४ तासांनी उशिराही येतं. आणि बहुसंख्य पेशंटमध्ये ४८ ते ७२ तासांत निवळतं. एक्स-रे मात्र सॅचुरेशनच्या मागून सुधारतो. पेशंट साध्या हवेवर ९६ आणि फिल्ममध्ये अजून धूसरपणा, यात घाबरण्यासारखं काही नाही.

अन्न, लाळ, उलटी श्वासनलिकेत गेली तर एक्स-रेचं चित्र एका बाजूला किंवा एका भागात जास्त असतं. आडवा पडलेला पेशंट असेल तर बहुधा उजवीकडे, कारण उजवी श्वासनलिका जास्त सरळ आणि रुंद आहे. सक्शनमध्ये भाताची शितं, पिवळट हिरवा द्रव असं काहीतरी येतं. ताप एक-दोन दिवसांत चढतो, बेडका घट्ट होतो आणि छाया आठवडाभर तरी राहते. मेंदूमुळे आलेल्या पाण्यात छाया दोन्ही बाजूंना सारखी, मध्यापासून बाहेर पसरलेली, हृदयाचा आकार नॉर्मल. अधूनमधून ती एकाच बाजूला दिसते आणि मग फसगत होते. त्या वेळी निकाल २४ तासांनंतरच्या दुसऱ्या एक्स-रेवर. एवढ्या लवकर साफ होणारी छाया न्यूमोनियाची नसते.

पांढऱ्या पेशी १६-१८ हजार आणि थोडा ताप, एवढ्यावर अँटिबायोटिक चालू करतात हे फार दिसतं. मोठ्या फिटनंतर पहिल्या काही तासांत पांढऱ्या पेशी तशाही वाढतात, अंगही तापतं, आणि रक्तात लॅक्टेट (स्नायूंच्या अतिश्रमाने तयार होणारं आम्ल) चढून पीएच खाली जातो. लॅक्टेट तास-दोन तासांत उतरायला हवं. उतरलं नाही तर फिट आतल्या आत चालू आहे का, ऑक्सिजन पोचतोय का, हे बघा. तापाचा आलेख, दुसरा एक्स-रे आणि बेडका पाहून अँटिबायोटिक ठरवा. उलटी छातीत गेल्याचं स्पष्ट दिसत असेल आणि प्रकृती खालावत असेल तर थांबू नका.

आणि ज्या बाईला २० आठवड्यांच्या पुढे दिवस गेलेत किंवा नुकतीच डिलिव्हरी झालीय, तिला फिट येऊन धाप लागली तर हा धागा बाजूला ठेवा. ते एक्लॅम्पसिया (गरोदरपणातल्या चढलेल्या बीपीमुळे येणारी फिट) धरून चालायचं: मॅग्नेशियम सल्फेट, बीपी उतरवणं, सलाइन मोजून, आणि लगेच प्रसूतिविभागाला कळवणं.

मीनल_परळ

खूप उपयोगी. जिभेच्या रक्ताचं तर घरच्यांनाही सांगता येईल. दोन शंका. फुप्फुसात पाणी म्हटल्यावर लॅसिक्स (लघवी वाढवून पाणी काढणारं औषध) देतात, ते इथे देतात का? आणि फिट आधी थांबवायची की श्वास आधी बघायचा?

न्यूरो_गोरेगाव

दोन्ही एकाच वेळी, दोन माणसांनी. एक जण डोक्याशी: कुशीवर घेणं, जबडा पुढे ओढणं, सक्शन, नॉन-रिब्रीदर मास्कने १० ते १५ लिटर ऑक्सिजन. दुसरा शीर शोधतो आणि ग्लुकोज बघतो. जोवर झटके चालू आहेत तोवर अ‍ॅड्रिनलीन सुटत राहणार, म्हणून फिट थांबवणं हाच फुप्फुसाचाही उपचार आहे.

पाच मिनिटांच्या पुढे चालणारी फिट ही स्टेटस एपिलेप्टिकस धरायची. लोराझेपाम शिरेतून किलोला ०.१ मिग्रॅ, एका वेळी जास्तीत जास्त ४ मिग्रॅ, पाच मिनिटांनी गरज पडली तर एकदा पुन्हा. शीर मिळत नसेल तर वेळ घालवायचा नाही; ४० किलोवरच्या पेशंटला मिडाझोलाम १० मिग्रॅ मांडीच्या स्नायूत. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे श्वास बंद पडेल या भीतीने २ मिग्रॅ लोराझेपाम देऊन वाट बघत बसणं. अपुऱ्या डोसने फिट लांबते आणि लांबलेल्या फिटनेच श्वास जास्त वेळा बंद पडतो.

त्यानंतर लेव्हेटिरासेटाम किलोला ६० मिग्रॅ, कमाल ४५०० मिग्रॅ, किंवा व्हॅल्प्रोएट किलोला ४० मिग्रॅ, कमाल ३००० मिग्रॅ, किंवा फॉस्फेनिटॉइन किलोला २० मिग्रॅ. २०१९ च्या मोठ्या चाचणीत ही तिन्ही सारखीच निघाली, प्रत्येकाने साधारण निम्म्या पेशंटची फिट थांबली. पण फुप्फुसात पाणी आणि हृदय दमलेलं असेल तर मी लेव्हेटिरासेटाम घेतो, कारण फेनिटॉइनच्या औषधांनी बीपी पडू शकतं आणि ठोका बिघडू शकतो. बाळंतपणाच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएटची सवय लावण्याआधी विचार करा.

लॅसिक्सबद्दल: हा पेशंट पाण्याने भरलेला नसतो. उलट ताप, घाम, उलटी यांमुळे रक्तातलं पाणी कमीच असतं, कारण जे होतं त्यातलंच फुप्फुसात गळलंय. सवयीने ४० मिग्रॅ, परत ४० मिग्रॅ असं देत गेलात तर बीपी पडतं, मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि फुप्फुसाला फायदा थोडाच. बीपी चांगलं असेल, इकोत हृदय भरलेलं दिसत असेल, तर २० मिग्रॅ एकदा देऊन लघवी मोजा. सलाइनच्या बाटल्या लावून ठेवणंही तितकंच चुकीचं. मोजून द्या.

क्रिटिकलकेअर_ठाणे

श्वासाच्या बाजूने जोड देते. मास्कवर सॅचुरेशन ९२ च्या वर, पेशंट जागा, आज्ञा पाळतोय, तर डोकं ३० अंश वर आणि निरीक्षण पुरे. तोच पेशंट दमत असेल तर बायपॅप किंवा सीपॅप (घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारी यंत्रं), ५ ते ८ दाबाने सुरुवात. पण फिटनंतर गुंगीत असलेल्या, उलटी येऊ पाहणाऱ्या माणसाला घट्ट मास्क बांधणं घातक आहे. पोटात हवा भरते, उलटी होते आणि ती थेट छातीत. अशा वेळी श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटर लावलेला बरा.

नळी टाकल्यावर पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुस उघडं ठेवणारा दाब) ५ ते १० पासून, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिलेली हवा) उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोला ६ मिली. एक भानगड इथे असते. फुप्फुस वाचवायला कार्बन डायऑक्साइड थोडा चढू देतात, पण मेंदूत सूज किंवा रक्तस्राव असेल तर चढलेला कार्बन डायऑक्साइड कवटीतला दाब वाढवतो. म्हणून सीटी होईपर्यंत तो ३५ ते ४० वर धरा. स्नायू ढिले करणारं औषध दिलं असेल तर झटके दिसणार नाहीत, मेंदूत फिट चालू राहील. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) लावा.

फेस नळीतून सतत येतो म्हणून दर पाच मिनिटांनी सक्शन करू नका. प्रत्येक वेळी नळी उघडली की पीप जातो आणि फुप्फुस परत मिटतं. बंद सक्शन सर्किट वापरा, आणि फेस खरंच अडवत असेल तेव्हाच.

इमर्जन्सीनर्स_कुर्ला

घरच्यांसाठी मी लिहिते, पत्रकात तसंच्या तसं घेतलंत तरी चालेल.

फिट चालू झाली की घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली दुपट्टा किंवा बॅग, गळ्याची कॉलर, टाय, ओढणी सैल करा. तोंडात चमचा, बोटं, पाणी, गोळी काही नाही. कांदा, चप्पल, हातात किल्ल्या यांनी फिट थांबत नाही आणि तेवढ्यात माणूस पाठीवर पडून राहतो, नुकसान ते होतं. लोकलमध्ये असाल तर दारापासून दूर घ्या, भोवतीची गर्दी हटवा आणि पुढच्या स्टेशनवर उतरवून स्टेशन मास्तरांना सांगा. पाच मिनिटं झाली, किंवा शुद्ध न येता दुसरी फिट आली, की १०८.

फिट थांबल्यावर सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि पेशंटला झोपू देतात. बघायचं असतं ते नेमकं त्या वेळी. छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसाचे २४ पेक्षा जास्त असतील आणि दहा-पंधरा मिनिटांनी मोजल्यावरही तेवढेच असतील, बसल्याशिवाय श्वास घेता येत नसेल, छातीतून बुडबुड असा आवाज येत असेल, गुलाबी फेस पुसल्यावर परत येत असेल, ओठ निळे असतील, तर दवाखान्याची वाट धरा. उद्या बघू असं म्हणू नका. कोविडपासून पुष्कळ घरांत ऑक्सिमीटर आहे. बोट गरम हवं, नखाला नेलपॉलिश नको, आकडा स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट द्या. ९४ च्या खाली राहिला तर हॉस्पिटल. श्वासच नसेल किंवा अधूनमधून नुसता आचका येत असेल तर पाठीवर घेऊन छाती दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२०.

दवाखान्यातून लगेच घरी सोडलं असेल तरी पहिली रात्र कुणीतरी त्याच खोलीत झोपा. उशिरा येणाऱ्या पाण्याबद्दल वर लिहिलंच आहे.

मीनल_परळ

"पुन्हा होईल का" याचं उत्तर राहिलं. आणि झोपेतल्या अचानक मृत्यूशी याचा संबंध आहे का? घरच्यांना हे विचारायचं असतं, धीर होत नाही.

न्यूरो_गोरेगाव

एकदा झालेल्याला पुढच्या मोठ्या फिटमध्ये पुन्हा होऊ शकतं, दर वेळी होतंच असं नाही. फिट जितकी लांब तितका धोका जास्त. म्हणून डिस्चार्ज कार्डावर "फिटनंतर फुप्फुसात पाणी झाले होते" ही ओळ लिहून घ्या. पुढच्या कॅज्युअल्टीतला डॉक्टर पहिल्या मिनिटापासून श्वासाकडे बघेल.

मृत्यूबद्दल खरं ते सांगा, दडवू नका. अपस्मार असलेल्या प्रौढांत वर्षाला साधारण १००० मागे १ असा अचानक मृत्यू होतो, मुलांत ४५०० मागे १. शवविच्छेदनात फुप्फुसं जड, पाण्याने भरलेली पुष्कळदा सापडतात, पण मृत्यूचं कारण तेच असं सिद्ध झालेलं नाही. मॉनिटर लावलेला असताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या फिटनंतर काही मिनिटांत आधी श्वास कायमचा थांबला आणि मग हृदय, असं दिसलं, आणि बहुतेक जण पालथे होते. म्हणून सांगायचं ते हे: मोठ्या फिट पूर्ण बंद करणं हे ध्येय, महिन्याला एकच येते म्हणून समाधान मानायचं नाही. गोळी चुकवायची नाही. रात्री फिट येत असतील तर खोलीत कुणीतरी हवं आणि फिटनंतर पालथं पडू द्यायचं नाही.

नाकातल्या मिडाझोलामच्या स्प्रेबद्दलही पत्रकात जागा ठेवा, कारण फिट पाच मिनिटांत थांबवायचं साधन घरी तेच असतं. डोस किलोला ०.२ मिग्रॅ, कमाल १० मिग्रॅ, निम्मा एका नाकपुडीत, निम्मा दुसऱ्या. घोळ होतो तो बाटलीचा: काहींच्या एका फवाऱ्यात ०.५ मिग्रॅ असतं, काहींच्या १.२५. २० किलोच्या मुलाला ४ मिग्रॅ लागतात, म्हणजे पहिल्या बाटलीचे ८ फवारे आणि दुसरीचे ३. केमिस्टने बदलून दिलेली बाटली जुन्या हिशोबाने मारली तर डोस अर्ध्याहून कमी पडतो किंवा अडीचपट होतो. नवी बाटली आली की फवाऱ्यांचा आकडा डॉक्टरांकडून परत लिहून घ्या आणि बाटलीवरच चिकटवा. पहिल्यांदा वापरण्याआधी दोन-तीन फवारे हवेत मारून पंप भरून घ्यायचा असतो, नाहीतर पहिले फवारे रिकामे जातात.

मीनल_परळ

फवाऱ्यांसाठी पत्रकात रिकामा चौकोन ठेवते: वजन, बाटलीची ताकद, उजव्या नाकपुडीत किती, डाव्या नाकपुडीत किती, डॉक्टरांची सही, तारीख. मुलांचं वजन वाढतं, तर हा चौकोन किती दिवसांनी नव्याने भरायचा?

न्यूरो_गोरेगाव

लहान मुलांत दर तीन महिन्यांनी, फॉलोअपच्या वेळी वजन करूनच. मोठ्यांत वर्षाने पुरे, आणि बाटली बदलली की लगेच.